पुलाची शर्यत

माझी मुलगी काय करते, हे आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात सांगायचं म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. ती सायकल चालवते, असं म्हटलं की लोक म्हणायचे, ते ठीक, पण जॉब काय करते? मग सांगायचं, हाच जॉब. व्यावसायिक शर्यती असतात, संघ असतो, संघाशी करार असतो. त्यावर एखाद्या काकू विचारायच्या, मग कधी जिंकली का ग ती? इथं माझी पंचाईत व्हायची. कारण तिचं काम जिंकणं हे नव्हतंच. संघात एक मुलगी जिंकायसाठी असते आणि बाकीच्या तिच्यासाठी राबतात. तिच्यापुढे राहून वारा अडवायचा, मागच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणून तिला पोचवायच्या, तिचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. शेवटच्या काही मैलांत ती पुढे निघून जाते आणि या दमून मागे पडतात. माझी लेक मागे पडणाऱ्यांपैकी होती, आणि त्यात चांगली होती. हे सगळं समोसे खाता खाता कुणाला समजावणार? मी म्हणायचे, "अजून नाही. बघू."

तिच्या बाबाला मात्र काही समजावावं लागत नसे. त्यानंच तिला या वाटेला लावलं होतं.

माझा नवरा मिरजेचा. मी पुण्याची. आमची ओळख पुण्यात पहिल्या नोकरीत झाली. तेव्हाच त्यानं मला सांगितलं होतं की कॉलेजात असताना तो जिल्ह्याच्या शर्यतींत उतरायचा. एकदाही पहिला आला नव्हता. हे तो अगदी सहज सांगायचा, जसं कुणी सांगावं की मला कारलं आवडतं. अमेरिकेत आलो, नेपरव्हिलला घर घेतलं, तो रोज लोकांच्या लोंढ्यात ट्रेननं शिकागोला जाऊ लागला. पण शनिवारी सकाळी गॅरेजचं दार वर सरकल्याचा आवाज आला की समजावं, आता हा जेवायच्या वेळेपर्यंत येत नाही. मुलगी झाल्यावर त्यानं सायकलला मागे तिची सीट बसवली. पुढे ती स्वतःची सायकल घेऊन त्याच्या मागे जाऊ लागली. आमच्या गावाजवळ जुन्या रेल्वेलाइनवर केलेली एक मातीची वाट आहे, सरळच्या सरळ, दोन्ही बाजूंना गवत. तिथं तो पुढे आणि ती त्याच्या मागच्या चाकाला चिकटून. वारा फार असला की ती वाऱ्याच्या आड राहावी म्हणून तो थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकत राहायचा. हे मला तिनंच खूप नंतर सांगितलं. लहान असताना तिला वाटायचं, बाबाला सरळ सायकल चालवता येत नाही.

त्यांचं आपसातलं बोलणं विचित्र होतं. तो मराठीत बोलायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आमच्या ओळखीच्या सगळ्याच घरांत असंच चालायचं, त्यामुळे आम्हाला त्यात काही वाटलं नाही. तिला मराठी समजत होती, निदान जेवण, झोप, अभ्यास, सायकल एवढ्यापुरती. बाकीचं तो इंग्रजीत सांगायचा. रविवारच्या मराठी शाळेला ती जेमतेम दोन वर्षं गेली. मग रविवारी शर्यती असायला लागल्या.

आजाराचं पहिल्यांदा लक्षात आलं ते स्टेशनवर. एका संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला घरी आला नाही, फोन उचलेना. मी गाडी घेऊन स्टेशनवर गेले तर तो बाहेरच्या बाकावर बसला होता. हातात किल्ल्या, खांद्यावर बर्फ. गाडी समोरच पार्किंगमध्ये उभी होती. मला बघून म्हणाला, "सायकल कुणीतरी नेली वाटतं." मी हसले. मला वाटलं, थट्टा करतोय. तोही हसला, पण माझ्याकडे बघून, मी हसले म्हणून.

तेव्हा तो पंचावन्नच्या आसपास होता. तपासण्या झाल्या, पुन्हा झाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव घेतलं. आपल्याकडे ते नाव म्हाताऱ्यांसाठी ठेवलेलं असतं. त्यानं शांतपणे ऐकलं, बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये मला म्हणाला, "पोरीला इतक्यात सांगू नको. तिचा सीझन चालू आहे." मी तिला त्याच आठवड्यात सांगितलं. ती तेव्हा युरोपात होती, कुठल्याशा गावात संघाबरोबर राहत होती. फोनवर तिच्या मागे कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता.

नोकरी सुटली, गाडी चालवणं सुटलं, मग सायकलही सुटली. ते सगळं होईल हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याची इंग्रजी जाईल हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आधी तो शेजाऱ्यांशी बोलताना अडखळू लागला. मग दवाखान्यात प्रश्न विचारला की माझ्याकडे बघायचा. तीस वर्षं ज्या भाषेत त्यानं मीटिंगा घेतल्या, कार्यालयातल्या लोकांना हसवलं, ती भाषा त्याच्या अंगावरून उतरत गेली, आणि खाली मिरजेची मराठी राहिली. माझ्याशी बोलतानासुद्धा तो पुणेरी वळण विसरला. "कुठं चाललीस? लय ऊन हाय" असं म्हणायला लागला. मला आधी गंमत वाटली.

मग एका दुपारी मुलीचा फोन आला. मी पोळ्या करत होते म्हणून फोन त्याच्या कानाला लावून दिला. ती नेहमीसारखी इंग्रजीत बोलली असणार. दिवस कसा गेला, जेवलास का, असंच काहीतरी. त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

"कोण गोरी बाई आहे. तूच बोल."

तिनं ते ऐकलं होतं. "आई," ती म्हणाली, "डोन्ट एक्सप्लेन. आय गॉट इट." त्यानंतर तिचे फोन मला यायला लागले ते वाक्यं विचारायला. पाऊस पडतोय का, हे कसं म्हणायचं? मला तुझी आठवण येते, हे कसं म्हणायचं? मी सांगायचे, ती म्हणून दाखवायची, मी सुधारायचे. 'ठ' आणि 'ळ' तिच्या जिभेला वळत नव्हते. मग ती त्याला फोन करायची आणि ते वाक्य म्हणायची. कधी तो उत्तर द्यायचा, कधी नाही. उत्तर दिलं तर ते तिला बहुतेक वेळा समजायचं नाही.

पुलाच्या शर्यतीचं तिनं कळवलं ते वसंतात. शर्यतीचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही घरी तिला पुलाची शर्यतच म्हणायचो. एका दिवसाची शर्यत, मिशिगनमधल्या एका छोट्या गावातून निघायचं, शेतांमधून आणि तळ्याच्या काठानं फिरून नदीवर यायचं, मोठा पूल ओलांडायचा आणि पलीकडे कॅनडात शेवट. त्या वर्षातली घरापासून सगळ्यात जवळची शर्यत हीच होती. मुलींचे पासपोर्ट आदल्या दिवशीच तपासून ठेवणार होते, म्हणजे शर्यतीत कुणाला थांबावं लागणार नाही. पूल तेवढ्यापुरता गाड्यांना बंद.

"आई, त्याला घेऊन ये," ती म्हणाली. हे तिनं मराठीत म्हटलं.

मी आढेवेढे घेतले. इतका लांबचा प्रवास, गर्दी, आवाज. परक्या ठिकाणी तो घाबरायचा. ती म्हणाली, गर्दी नसेल अशी जागा मी शोधून ठेवलीय. पुलाआधी रस्ता वळतो, तिथं एक चर्च आहे, पुढे हिरवळ आहे. तिथं खुर्च्या टाकून बसा. आणि मग तिनं सांगितलं की ती तिथं थांबणार आहे.

मला कळेना. शर्यतीत कसं थांबणार? तिनं मला त्यांच्यातली एक जुनी रीत सांगितली. शर्यत कुणाच्या गावातून जात असेल, घरचे लोक रस्त्यावर उभे असतील, तर ती बाई घोळक्यातल्या मोठ्या खेळाडूंना आधी विचारते. त्या हो म्हणाल्या तर ती थोडी पुढे निघून जाते, कुणी तिचा पाठलाग करत नाही. ती घरच्यांना भेटते, घोळका आला की परत त्यात मिसळते. अगदी थोड्या वेळाचं काम असतं. "मी विचारलंय," ती म्हणाली. "एव्हरीवन सेड येस."

आम्ही आदल्या दिवशी निघालो, वाटेत मिशिगनमध्येच एका मोटेलमध्ये राहिलो. तो गाडीत शांत होता. मधूनच विचारायचा, "कोल्हापूर किती राहिलं?" मी म्हणायचे, आलंच. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून घेतली होती, कारण बाहेरचं खाणं त्यानं बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधीच आम्ही त्या वळणावर पोचलो. सकाळीच शर्यत सुटली होती. हिरवळीवर तुरळक माणसं होती. एक म्हातारं जोडपं, दोन-तीन कुटुंबं, पिवळ्या जॅकेटमधला एक स्वयंसेवक. नदी दिसत होती आणि तिच्यावरचा तो उंच निळसर पूल. वारा चांगलाच होता. मी त्याला खुर्चीत बसवलं, डोक्यावर टोपी घातली, हातात त्याची पाण्याची बाटली दिली. हातात काहीतरी असलं की तो बरा असायचा.

आधी मोटारसायकली आल्या, मग पोलिसांची गाडी. मग एकटीच एक मुलगी वळणावर दिसली. हेल्मेट, काळा चष्मा, उन्हानं करपलेले हात. मी तिला पटकन ओळखलं नाही, हे खरं. ती आमच्याकडे वळली, हिरवळीच्या कडेला सायकल थांबवली आणि एक पाय टेकला.

तो खुर्चीतून आपण होऊन उठला. घरी त्याला उठवायला मला दोन्ही हात द्यावे लागायचे. तो उठला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, आणि आधी त्यानं तिच्या सायकलच्या चाकांकडे बघितलं.

"अहो ताई," तो म्हणाला, "का थांबलात? पंक्चर आहे काय?"

तिनं चष्मा काढला. "बाबा," ती म्हणाली. "बाबा, मी आले. तू बरा आहेस?" ही वाक्यं तिनं घोकलेली होती, तरी 'बरा' म्हणताना ती अडखळली.

कोण ही मुलगी, आपल्याला तू म्हणते, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. पण तो सभ्यपणे हसला. परक्या माणसाकडे बघून हसतात तसं. "बरंय की," तो म्हणाला. "तुम्ही दमलाय. पाणी घ्या." आणि त्यानं हातातली बाटली पुढे केली.

मी म्हटलं, "हेल्मेट काढ." तिनं हेल्मेट काढलं. केस घामानं डोक्याला चिकटले होते. कपाळ त्याचंच, नाकही त्याचं. तो तिच्याकडे नीट बघत राहिला, आणि मला वाटलं, आता. आता ओळखेल. तो म्हणाला, "घ्या ना. पाणी घ्या."

बाटली घेऊन ती पाणी प्यायली. तेवढ्यात घोळका आला. इतक्या सायकली एकदम जवळून जातात तेव्हा जो आवाज होतो तो मी आधीही ऐकला होता, पण त्या दिवशी तो फार मोठा वाटला. दोघी-तिघींनी जाताना हात वर केला, कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली. ठरल्याप्रमाणे तिनं त्याच वेळी निघायला हवं होतं. ती निघाली नाही. ती बाटली हातात धरून त्याच्याकडे बघत उभी होती.

मागून संघांच्या गाड्या येऊ लागल्या. तिच्या संघाची गाडी आमच्याजवळ येऊन मंदावली, आतून एका बाईनं काहीतरी ओरडून सांगितलं. त्या आवाजानं तो अस्वस्थ झाला. घोळका गेला त्या दिशेला हात करून म्हणाला, "अहो, सगळ्या गेल्या की पुढं. शर्यतीत थांबायचं नसतं ताई. जावा तुम्ही. जावा."

तिनं हेल्मेट घातलं. पायडलवर पाय ठेवला. आणि मग त्यानं तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, तळवा टेकला आणि तिला ढकलत धावायला लागला. धावला म्हणजे पाच-सहा पावलं, पण धावला. तिची सायकल वेग घेऊन सुटली आणि तो रस्त्याच्या मधोमध हात पुढे धरून उभा राहिला. छाती वरखाली होत होती. त्या पिवळ्या जॅकेटवाल्यानं येऊन त्याला हळूच बाजूला आणलं.

मी त्याला खुर्चीत बसवलं. त्याला धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता.

"पाय चांगला आहे पोरीचा," तो म्हणाला. "कुणाची म्हणायची?"

"आपलीच," मी म्हटलं.

तो हसायला लागला. "आपली एवढी कुठं? आपली शाळेत जाते अजून."

मी त्याला दशमी दिली. त्यानं ती सगळी खाल्ली.

पूल खुला झाल्यावर आम्ही गाडी काढली. रांग होती. सीमेवरच्या खिडकीत एक तरुण अधिकारी बसला होता. मी दोघांचे पासपोर्ट दिले. त्यानं माझ्याशी दोन शब्द बोलून झाल्यावर वाकून माझ्या नवऱ्याला विचारलं, सर, आज कुठं निघालात? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच तो म्हणाला, "लेकीकडं चाललोय." स्वच्छ, मराठीत. अधिकारी माझ्याकडे बघायला लागला. मी इंग्रजीत सांगितलं, ते म्हणतायत, आम्ही मुलीकडे निघालोय. त्यानं पासपोर्ट परत दिले. त्या वाक्यानं माझ्या मनात पुन्हा आशा आली. पलीकडच्या गावात शिरेपर्यंत मी मनात तेच बोलत होते, याला माहीत आहे, याला आत कुठंतरी माहीत आहे. पण आम्ही पोचेपर्यंत तो गाढ झोपला होता.

शर्यत केव्हाच संपली होती. रस्त्याच्या कडेचे कठडे उचलून ट्रकमध्ये भरत होते. ती त्यांच्या व्हॅनच्या पायरीवर बसली होती, अंगावर जाकीट, पायात अजून तेच बूट. मी गाडी लावली तशी ती आली आणि मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसली. मी त्याला उठवणार होते, तिनं खुणेनं नको म्हटलं.

काय झालं ते तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं. पूल उतरल्यावर रस्ता नदीच्या काठानं जात होता आणि आडवा वारा होता. तशा वाऱ्यात घोळक्याचे तुकडे होतात आणि एकदा तुकडा पडला की मागच्यांना पुढच्यांना गाठता येत नाही. ती शेवटच्या तुकड्यापर्यंतसुद्धा पोचू शकली नाही. जिच्यासाठी ती राबायची ती मुलगी पुढे एकटी पडली, तिला बाटली द्यायला, वारा अडवायला आपलं कुणी नव्हतं, आणि शेवटी ती मागे पडली. संघाची मॅनेजरबाई अजून तिच्याशी बोलली नव्हती.

"पण सगळ्यांनी तर हो म्हटलं होतं ना?" मी विचारलं.

"थांबायला हो म्हटलं होतं, आई. इतका वेळ नाही."

तो घोरत होता. ती म्हणाली, "ताई मीन्स सिस्टर, राइट?"

मी सांगितलं, हो, बहीण. पण ओळख नसलेल्या बाईलाही आपण मानानं ताई म्हणतो. आणि 'अहो' म्हणतो, 'तुम्ही' म्हणतो.

"ओह," ती म्हणाली. खिडकीबाहेर बघत पुन्हा म्हणाली, "ही वॉज सो पोलाइट."

मी पुढच्या सीटवर होते. मागे वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

त्या हंगामाच्या शेवटी संघानं तिचा करार वाढवला नाही. त्या शर्यतीमुळेच, असं कुणी म्हटलं नाही. संघ लहान होता, माणसं कमी करायची होती, असं काहीबाही सांगितलं गेलं. दुसरा संघ मिळाला असता, तिनं शोधला नाही. थँक्सगिव्हिंगच्या आधी ती दोन बॅगा आणि एक सायकल घेऊन घरी आली आणि वरच्या तिच्या जुन्या खोलीत राहू लागली. मी लॅबमधली नोकरी सोडू शकत नव्हते, विमा माझ्या नोकरीवर होता. तोवर दिवसा त्याच्याजवळ पगारी बाई असायची, आता मुलगी राहायला लागली.

सुरुवातीला ती त्याला बाबा म्हणायची. पण तो शब्द ऐकला की तो दाराकडे बघायचा, उठायचा प्रयत्न करायचा, शर्टाची बटणं चाचपायचा. त्याला वाटायचं, त्याचे वडील आलेत. ते कडक होते, आणि त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. असं रोज व्हायला लागल्यावर एके दिवशी मी कामावरून आले तर ती त्याला भात भरवत म्हणत होती, "काका, अजून एक घास." तो मुकाट्यानं खात होता. मी तिच्याकडे बघितलं. तिनं खांदे उडवले. "इट्स ईझियर फॉर हिम," ती म्हणाली.

तो हिवाळा लांबला. बाहेर सतत बर्फ, ड्राइव्हवे ती साफ करायची. तो खिडकीशी बसून तिच्याशी बोलत राहायचा, मिरजेच्या गोष्टी, तळ्याच्या, दर्ग्याच्या, कुणाकुणाच्या सायकलींच्या. पहिल्यांदा तिला चार शब्दांतला एक समजायचा. न समजलेला शब्द ती मला संध्याकाळी विचारायची. 'भनाट' म्हणजे काय? 'इस्कोट' म्हणजे? त्या गोष्टी माझ्याही ऐकण्यात नव्हत्या. तीस वर्षं संसार करून मला माहीत नसलेलं काहीबाही तिला त्या तीन-चार महिन्यांत कळलं. त्याला ती आवडायची. मला म्हणायचा, "त्या ताई भल्या आहेत. त्यांना काढू नको."

एकदा मी स्वयंपाकघरात असताना ऐकलं. त्यानं विचारलं, "ताई, तुमचे वडील काय करतात?"

"सायकल चालवतात," ती म्हणाली.

"झकास," तो म्हणाला. "आहेत ना अजून?"

"हो," ती म्हणाली. "आहेत."

मी गॅस बारीक केला.

मार्चमध्ये त्याला गिळता येईना. मग न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये नळ्या घालायच्या नाहीत हे आम्ही आधी ठरवलेलं होतं, पण डॉक्टरांना ते प्रत्यक्ष सांगितलं ते तिनं. तो गेला तेव्हा सकाळ होती आणि नर्स त्याच्या उशीचा अभ्रा बदलून नुकतीच गेली होती. मुलगी त्याच्या उजव्या हाताला बसली होती. ती वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली, कुठल्या भाषेत, हे मी विचारलं नाही.

मंडळातले लोक आले, डबे आले, फुलं आली. ज्या काकू दर वर्षी जिंकली का विचारायच्या, त्यांनी चार दिवस आमच्याकडे येऊन भांडी घासली. मुलीशी त्या मराठीत बोलत होत्या आणि ती मराठीतच उत्तरं देत होती. ते आधी त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

ती पुन्हा शर्यतींत उतरली नाही. आता ती कोलोराडोत आहे, फिजिओथेरपी शिकते, शनिवारी डोंगरात सायकल घेऊन जाते. मी नेपरव्हिललाच आहे. घर मोठं आहे, विकावं असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. गॅरेजमध्ये त्याची सायकल आहे, टायर बसलेत. मी कधी चालवायला शिकले नाही, आता शिकण्यात अर्थ नाही.

रविवारी दुपारी तिचा फोन येतो. आम्ही मराठीत बोलतो. तिची मराठी माझ्यासारखी नाही. मंडळातल्या तिच्या वयाच्या मुलांसारखीही नाही. ती शब्द ओढते, मध्येच एखादा जुना, गावाकडचा शब्द टाकते, आणि तिला त्यात काही वेगळं वाटत नाही, कारण ती भाषा तिला तशीच मिळाली.

"जेवलीस काय?" तिनं परवा विचारलं.

"जेवले. तू?"

"हां. इथं लय बर्फ पडलाय. कुठं जाता येईना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई? आहेस न्हवं?"

"आहे," मी म्हटलं, आणि आमच्याकडे पडतोय का ते बघायला फोन घेऊन खिडकीशी गेले.